रोज पुसता येणारी पाटी

मोंढ्यात आडत्याच्या ओट्यावर पूर्वी एक काळा फळा टांगलेला असायचा. सकाळी दुकान उघडलं की मुनीम ओल्या फडक्यानं कालचे भाव पुसायचा आणि खडूनं आजचे लिहायचा. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस. खानावळीच्या दाराशी तशीच पाटी, आज भाजी कोणती ते सांगणारी. सराफाच्या गादीमागं सोन्याचा दर. त्या फळ्याला रूप नव्हतं, पण तो रोज पुसता यायचा, आणि ज्याचं दुकान त्याच्याच हातात खडू असायचा.

पुढं फ्लेक्स आला. रंग झगझगीत, छपाई स्वस्त, मात्र एकदा छापलं की त्यात काही बदलता येत नाही. भाव बदलला की नवा फ्लेक्स करायचा आणि जुना कुणाच्या तरी शेडवर ताडपत्री म्हणून जायचा. आता फ्लेक्सच्या जोडीला दुकानांत टीव्ही आले आहेत. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडं चालत जा, नाहीतर सिडकोत कॅनॉट प्लेसला चक्कर मारा. साड्यांच्या दुकानात, मिठाईच्या काउंटरमागं, औषधांच्या दुकानात पडदा दिसतोच. दुःख एवढंच की त्यातले कितीतरी पडदे फ्लेक्सपेक्षाही अडकून पडलेले असतात. होळी आली तरी दिवाळीच्या शुभेच्छा फिरत असतात, कारण पेनड्राइव्हमध्ये फोटो भरून देणारा मुलगा काम सोडून गेलेला असतो. कुठं ‘सिग्नल नाही’ अशी चौकट दिवसभर काळ्या पडद्यावर इकडून तिकडं तरंगत राहते.

हा पडदा पुन्हा फळा व्हावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी फार सामान लागत नाही. टीव्ही बहुतेकांकडं आधीच असतो. त्याच्या पाठीशी एक छोटा संगणक लागतो, आणि त्या संगणकात लिनक्स.

लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी. १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं ‘लिनक्स’ हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून जगापुढं खुला ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातली साधनं त्या गाभ्याभोवती जुळली आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. तिचा परवाना असा की ती कुणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, पुढं वाटावी. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालत आले आहेत. दुकानदाराला ते फुकट मिळतं हे खरंच, पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. लिनक्समधून नको ते सगळं काढून टाकता येतं. कोपऱ्यात उगवणाऱ्या सूचना, आपोआप सुरू होणारे बदल, ‘लॉगिन करा’ म्हणणारे पडदे, काहीच शिल्लक न ठेवता फक्त एक काम ठेवायचं: वीज आली की फळा दाखवायचा.

यंत्र कोणतं घ्यावं, याचं उत्तर गेल्या दोन वर्षांत बदललं आहे. केंब्रिजमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रास्पबेरी पाय नावाचा संगणक तयार केला. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आला. एटीएम कार्डाएवढा पाटा, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, टीव्हीला जोडायला एचडीएमआयची खाच. मुलांसाठी बनवलेलं हे यंत्र जगभरच्या दुकानांत, ग्रंथालयांत आणि शाळांत पडद्यामागं जाऊन बसलं. पण २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपा महागल्या आणि पायच्या किमतीही वाढल्या. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ न पेलणारे, पण आतून धडधाकट असलेले असंख्य संगणक त्यामुळं मोडीच्या वाटेला लागले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांच्या कचेऱ्यांतही असे जुने डबे निघतात. लिनक्स घातलं की फळा दाखवण्याइतकं काम ते सहज करतात, आणि तेवढा ई-कचराही कमी होतो.

तरी जुना मोठा डेस्कटॉप घेण्याआधी विजेचा हिशेब करावा. तो साधारण ५० वॅट खातो असं धरा. रोज बारा तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. पाय ५ वॅटमध्ये तेच काम करतो, म्हणजे महिन्याला दोन युनिटांच्या आत. दुकानाचा दर व्यापारी असतो, तेव्हा हा फरक वर्षभरात दिसतो. मधला मार्ग म्हणजे टीव्हीच्या पाठीला चिकटवता येणारा वापरलेला मिनी पीसी. तो दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो, त्यात पायसारख्या मेमरी कार्डाऐवजी एसएसडी असते आणि तो दणकटही असतो. आज कुणी मला विचारलं तर मी आधी असा मिनी पीसी शोधायला सांगेन, नाही मिळाला तर पाय. आणि ज्याला वर्षभर चारच फोटो फिरवायचे आहेत त्यानं यातलं काहीही घेऊ नये. त्याला टीव्हीतला पेनड्राइव्ह पुरेसा आहे.

आतली रचना साधी असते. यंत्राला वीज मिळाली की लिनक्सचा गाभा जागा होतो. मग ‘सिस्टमडी’ नावाचा व्यवस्थापक कामं सुरू करतो. त्याला एवढंच सांगून ठेवायचं की अमुक फोल्डरमधली चित्रं आणि व्हिडिओ एकामागून एक दाखवत राहा, आणि दाखवणारा प्रोग्रॅम कोसळला तर लगेच पुन्हा उभा कर. चित्रं-व्हिडिओ दाखवायला ‘एमपीव्ही’ किंवा व्हीएलसी. रोज बदलणारे दर दाखवायचे असतील तर क्रोमियम ब्राउझर किऑस्क पद्धतीनं, म्हणजे वरची पट्टी, बटणं, बाण काहीही न दिसता पडदाभर एकच पान. ‘क्रॉन’ हे वेळापत्रक सांभाळणारं साधन सकाळी नाश्त्याची यादी आणि दुपारी जेवणाची यादी लावू शकतं. बऱ्याच टीव्हींना एचडीएमआयच्या तारेतूनच चालू-बंदचा हुकूमही देता येतो. शटर खाली गेल्यावर रिकाम्या दुकानात पडदा जळत राहायचं कारण नाही.

हे सगळं एका संध्याकाळी जुळतं. खरी परीक्षा घेतात ती आपल्याकडची वीज आणि ऊन.

संगणक मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत असताना वीज गेली तर ते लिहिणं अर्ध्यावर तुटतं आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नाही. अशा छोट्या यंत्रांचे कितीतरी बळी असेच जातात. शिवाय दुकानात रात्री कोण संगणक रीतसर बंद करणार? मेन स्विच पाडला की झालं. म्हणून यंत्र मुळातच असं बांधावं की कार्डावर काही लिहिलंच जाऊ नये. लिनक्समध्ये ‘ओव्हरले’ नावाची सोय आहे. मूळ प्रणाली कुलूपबंद राहते, दिवसभराची सगळी लिखापढी तात्पुरत्या मेमरीत होते आणि वीज गेली की पुसली जाते. दुसऱ्या दिवशी यंत्र पहिल्या दिवसासारखं कोरं उठतं. पायवर ही सोय मेनूतून एका निवडीत चालू होते. फक्त आपली चित्रं ठेवायला वेगळा कप्पा ठेवायचा, आणि तो चित्र बदलण्यापुरताच उघडायचा. दहा वेळा स्विच पाडला तरी अशा यंत्राला काही होत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. मिनी पीसीत सेलवर चालणारं घड्याळ असतं. पायच्या जुन्या मॉडेलांत ते नाहीच; पाय ५ मध्ये आहे, पण सेल वेगळा बसवावा लागतो. वीज परत आली आणि इंटरनेट मात्र आलं नाही, तर पायला वाटतं की आपण अजून जुन्याच वेळेत आहोत. साडीच्या दुकानात याचं काही बिघडत नाही. सराफाच्या पडद्यावर मात्र आजच्या दराशेजारी जुनी तारीख आली की गिऱ्हाइकाचा विश्वास डळमळतो. थोड्या रुपयांची घड्याळाची पट्टी आणि नाण्याएवढा सेल लावला की प्रश्न मिटतो.

तिसरा मुद्दा मे महिन्याचा. पारा बेचाळीसच्या वर जातो, टीव्ही भिंतीला टेकलेला, त्याच्या पाठीशी हा डबा. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढं गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि व्हिडिओ अडखळू लागतो. पंखा लावावासा वाटतो, पण आपल्या रस्त्यांवरची धूळ तो आत ओढतो आणि काही महिन्यांत जाम होतो. पंखा नसलेला, स्वतःच उष्णता बाहेर टाकणारा अॅल्युमिनियमचा डबा बरा. आणि डबा टीव्हीच्या मागं न कोंबता बाजूला, मोकळ्या हवेत ठेवावा.

टीव्हीबद्दलही एक गोष्ट नीट पाहून घ्यावी. घरगुती टीव्हीच्या हमीपत्रात व्यापारी वापर वगळलेला असू शकतो. घेण्याआधी ते वाचावं. शिवाय घरगुती पडद्याचा उजेड घरापुरता असतो. दुपारच्या उन्हाकडं तोंड करून काचेत लावला तर त्यावर फक्त समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब दिसतं. तो दुकानाच्या आत, सावलीच्या भिंतीवरच शोभतो.

आता त्या पडद्यावरच्या अक्षरांकडं येऊ. माझा जीव खरा इथं गुंतलेला आहे.

दुकानाच्या नावाची पाटी मराठीत हवी, हा कायदा राज्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्याखाली आली, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. बाहेरच्या पाट्या त्यामुळं बऱ्याच बदलल्या. आतला पडदा मात्र अजूनही बहुधा इंग्रजीत बोलतो, कारण तयार नमुने इंग्रजी असतात आणि मराठी टाकली की अक्षरं मोडतात. ती मोडण्याचं कारण जुन्या फॉन्टांत आहे. आपल्या डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं जे फॉन्ट चालले, त्यांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, देवनागरी तिच्यात होती. लिनक्स आणि युनिकोड एकाच वर्षी अवतरले, हा योग मला फार आवडतो.

क्रमांक कळले तरी ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘ट्र’ अशी जोडाक्षरं जुळवायला कुणीतरी लागतं. लिनक्सवर हे काम ‘हार्फबझ’ करतं. बेहदाद एस्फहबोद या इराणी तंत्रज्ञाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळे त्याचाच आधार घेतात. त्याचं नाव फारसीतल्या ‘हर्फ’ आणि ‘बाज’ या शब्दांवरून आलं आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. सिटी चौकात, शहागंजात ज्यांची दुकानं आहेत त्यांना हे नाव उलगडून सांगावं लागणार नाही. या शहरात मराठीच्या शेजारी उर्दू लिहिली जाते, आणि एकाच पडद्यावर डावीकडून उजवीकडं मराठी नि उजवीकडून डावीकडं उर्दू हेच साधन जुळवून देतं. देवनागरीसाठी फुकट आणि देखणे फॉन्टही आहेत: मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, रेड हॅटनं २००४ साली खुले केलेले ‘लोहित’, गूगलचा ‘नोटो’. पानावर भाषा मराठी असल्याचा शिक्का मारला, तर ज्या फॉन्टांत सोय आहे ते हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ सोडून आपला पाकळीयुक्त ‘ल’ दाखवतात. ही छोटी गोष्ट आहे, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना आपली लिपी ओळखू येते.

अक्षर किती मोठं हवं? पाट्या रंगवणाऱ्यांच्या धंद्यात एक ठोकताळा चालतो, दर दहा फुटांना एक इंच उंची. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये आणखी तेवढीच जागा सोडावी. बत्तीस इंची पडदा उंचीला जेमतेम सोळा इंच असतो. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून वाचायचं असेल तर तीन इंची अक्षर लागतं आणि पडद्यावर दोनच ओळी मावतात. काउंटरपाशी, दहा फुटांवर, सहा-सात ओळी चालतील. व्हॉट्सॲपवर आलेली कंपनीची जाहिरात जशीच्या तशी पडद्यावर टाकली की वाचता येत नाही, त्याचं कारण हेच. ‘इमरती ताजी, आत्ताच उतरली’ एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं, तर गुलमंडीवरून जाणाऱ्याचा पाय थबकतो.

खडू मालकाच्या हातात कसा द्यायचा? यासाठी खुली साधनं तयार आहेत. ‘अँथियास’ पूर्वी स्क्रीनली ओएसई म्हणून ओळखलं जायचं; ते पायवर बसतं आणि त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून चित्र बदलता येतं. दहा-वीस शाखा असतील तर ‘झिबो’सारखी मोठी व्यवस्था आहे. एका दुकानासाठी मला साधी गोष्ट पटते: मोबाइलमधल्या एका फोल्डरमध्ये फोटो टाकला की तो आपोआप पडद्यामागच्या यंत्रात पोहोचावा. इंटरनेट असेल तर नवं चित्र येईल, नसेल तर जुनं चालू राहील, पण पडदा काळा पडता कामा नये.

इंटरनेटवर आणि आपोआप येणाऱ्या बदलांवर पूर्ण भिस्त ठेवली तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरचे कितीतरी विंडोज संगणक निळे पडले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि दिल्लीत विमानांची माहिती पांढऱ्या फळ्यावर लिहावी लागली. दोष विंडोजचा नव्हता, आणि लिनक्सवरही सदोष अपडेट येऊ शकतं. म्हणून दुकानाच्या पडद्यावर अपडेट स्वतः बसून, मूळ प्रणाली तेवढ्यापुरती मोकळी करून, गिऱ्हाइकी नसताना, महिन्यातून एकदा करावं.

कुलुपाचं महत्त्व त्याआधी पाटण्यात कळलं. १९ मार्च २०२३ रोजी पाटणा जंक्शनच्या फलाटावरच्या टीव्हींवर सुमारे तीन मिनिटं अश्लील चित्रफीत चालली. गाडीची वाट पाहत कुटुंबं उभी होती. आपल्या दुकानात लेकीबाळी येतात. तेव्हा यंत्राचा पासवर्ड बदललेला हवा, पडद्याचं वायफाय गिऱ्हाइकांच्या वायफायपासून वेगळं हवं, आणि चित्र कोण टाकू शकतं ते माहीत हवं. रास्पबेरी पायनंही ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ ही सगळ्यांना पाठ असलेली नाव-पासवर्डची जोडी एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकली. आवाजाबद्दल माझं मत ठाम आहे: तो बंद ठेवा. दुकानात चित्रपटगीतं वाजवायला हक्कधारकांचा परवाना लागतो, आणि दिवसभर तेच गाणं ऐकणाऱ्या कामगाराचाही विचार करायला हवा. पडदा रस्त्यावर आणायचा असेल तर महापालिकेची परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावं.

शेजारच्या दुकानदाराची जाहिरात आपल्या पडद्यावर लावून खर्च काढता येतो. दहा सेकंदांच्या सहा जागा धरल्या तर मिनिटाला एक फेरी, बारा तासांत प्रत्येक जाहिरात ७२० वेळा. यंत्राला त्याची नोंद ठेवायला सांगावं, वीज बंद करण्याआधी ती रोज मोबाइलवर उतरवून घ्यावी, आणि ती दाखवून पैसे मागावेत. सहाच्या सहा जागा मात्र विकू नयेत. एक जागा रस्त्यावरच्या माणसासाठी ठेवावी. कर्णपुऱ्याच्या यात्रेत बदललेली वाहतूक, रक्ताची तातडीची गरज, हरवलेल्या पोराचा पत्ता. आणि आपल्या शहरात तर एक ओळ अशी आहे की ती वाचायला लोक रोज थांबतील. जायकवाडी उशाशी असूनही इथं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आज कुणाची पाळी, ते घरोघरी फोन करून विचारावं लागतं. महापालिकेचं वेळापत्रक सकाळी कळलं की मालकानं मोबाइलवर टाइप करायचं, आणि शटर वर जाताच काउंटरमागच्या पडद्यावर, वीस फुटांवरून वाचता येईल अशा दोन इंची अक्षरांत, उमटलेलं असेल: आज पाणी, सिडको एन-६, संध्याकाळी सहा ते सात.